पाने निळी का दिसतात आणि चित्राला बटाटा का लावू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सतराव्या शतकातल्या डच आणि फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडच्या) चित्रांवर पानभर मजकूर आला. मराठी दैनिकात या विषयाला एवढी जागा क्वचितच मिळते, म्हणून आधी आभार. पण मजकुरातली काही विधाने चुकीची आहेत आणि सोबतच्या चौकटीतला एक सल्ला घातक आहे.

चौकटीचे आधी बोलू. बाकीच्या चुका पुढच्या अंकात दुरुस्त होतील, त्या सल्ल्याने झालेले नुकसान होणार नाही. ‘घरातल्या जुन्या तैलचित्रावर कापलेला बटाटा फिरवावा, मग जवसाच्या तेलाचा हात द्यावा,’ असे तिथे छापले आहे. बटाट्याने मळ निघतो हे खरे, कारण त्यात पाणी असते. तेच पाणी रंगाच्या बारीक तड्यांतून खाली उतरते. कॅनव्हासच्या कापडाला रंगवण्यापूर्वी सरस पाजलेला असतो. सरस पाण्याने फुगतो, वाळताना आखडतो, कापडही आक्रसते. वरचा वाळून कडक झालेला रंग त्याच्याबरोबर हलू शकत नाही, मग तो कडेने उचलला जातो आणि त्याचे पोपडे निघतात. हे त्याच दिवशी दिसत नाही, दोन पावसाळ्यांनी दिसते, म्हणून बटाट्यावर आळ येत नाही. तड्यांत राहिलेला स्टार्च बुरशीला आणि झुरळांना आयते अन्न. तेलाचे तर त्याहून वाईट. पहिला महिनाभर चित्र लखलखते, नंतर ते तेल हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होऊन पिवळे-तपकिरी होते आणि खालच्या मूळ रंगाला असे धरून बसते, की ते काढायला लागणारे द्रावण मूळ रंगही सोडवते. घरी करण्यासारखे एवढेच आहे: चित्र उभे धरावे, वरची कड किंचित पुढे झुकवावी आणि मऊ, कोरड्या, रुंद ब्रशने वरून खाली धूळ झटकावी. रंग कुठे उचललेला दिसला तर तेही करू नये. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नये. टांगावेच लागले तर चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांत एकेक सेंटीमीटर जाडीचे बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागून हवा खेळते.

आता मूळ मजकूर. ‘चित्रकार समोर फुलदाणी ठेवून हुबेहूब रंगवीत’ हे वाक्य वाचून आपल्याकडच्या चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेतला स्थिरचित्राचा पेपर डोळ्यांसमोर येतो: टेबलावर कापड, त्यावर भांडे, दोन फळे, आणि भोवती अर्धवर्तुळात बसलेली मुले. डच फुलदाण्या अशा रंगवल्या जात नसत. त्या रंगवताच आल्या नसत्या. अशा एका चित्रात फेब्रुवारी-मार्चमधले स्नोड्रॉप, एप्रिलमधले क्राउन इम्पीरियल, एप्रिल-मेमधले ट्यूलिप, जूनमधले गुलाब आणि भर उन्हाळ्यातले कार्नेशन एकाच वेळी टवटवीत असतात. हरितगृहातही तेव्हा हे जमत नव्हते. चित्रातली फुलदाणी जगात कुठेच नव्हती, ती फलकावर जुळवलेली होती.

जुळवायची कशी, याच्या दोन रीती होत्या. मिडलबर्गचा अम्ब्रोसियस बोसखार्ट (१५७३–१६२१) फुलांचे अभ्यास, म्हणजे आधी सुटी काढून ठेवलेली चित्रे, जवळ बाळगी आणि ते पुन्हा पुन्हा वापरी. त्याची दोन-तीन चित्रे शेजारी ठेवून पाहिली की तेच फूल, त्याच कोनातून, पाकळीची तीच दुमड घेऊन परत आलेले सापडते. अँटवर्पचा यान ब्रूगेल (थोरला, १५६८–१६२५) मात्र प्रत्यक्ष फुलावरून थेट रंगवल्याचे सांगे. १६०६ मध्ये त्याने मिलानच्या कार्डिनल फेदेरिको बोरोमेओला लिहिले, की अँटवर्पमध्ये न मिळणारी काही फुले निसर्गातून रंगवण्यासाठी आपण मुद्दाम ब्रसेल्सला गेलो होतो. म्हणजे एक फूल उमलले की ते रंगवायचे, पुढचे उमलेपर्यंत फलक भिंतीला टेकवून ठेवायचा. सव्वाशे वर्षांनंतरही यान फान हॉइसम हा डच पुष्पचित्रकार हेच करीत होता. १७४२ च्या एका पत्रात तो गिऱ्हाइकाला कळवतो, की पिवळा गुलाब अजून फुललेला नाही म्हणून चित्र अडले आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्याच्या एका मोठ्या पुष्पचित्रावर १७३६ आणि १७३७ अशी दोन वर्षे आहेत, तीही याच कारणाने.

या रीतीमुळे रंगकामाचा क्रमही ठरून जाई. बोसखार्टच्या काळात ओकची फळी, तिच्यावर सरस आणि खडूच्या भुकटीचा लेप, तो खरवडून आणि घासून गुळगुळीत केलेला, वर तेलातला एक पातळ फिकट हात. तांब्याचा पत्राही चाले. पत्रा शोषत नाही, त्याला कापडाची वीण नाही, म्हणून एका केसाची रेघही त्यावर स्पष्ट उमटते. मग फुलदाणी आणि मोठ्या फुलांच्या जागा आखायच्या आणि पार्श्वभूमी त्या जागा राखून, त्यांच्या भोवतीने भरायची. राखलेल्या जागेत आधी एकच सपाट रंग: लाल ट्यूलिपसाठी हिंगूळ, गुलाबी गुलाबासाठी सफेता (शिशाचा पांढरा रंग) आणि थोडा लाल लेक (वनस्पती किंवा किड्यांच्या रंगापासून केलेला पारदर्शक रंग), पिवळ्यासाठी शिसे व कथील भाजून केलेला पिवळा. तो वाळला की उजेड-सावली. तीही वाळली की शेवटी पारदर्शक रंगाचा पातळ हात. हा शेवटचा हात म्हणजे पाकळीचा जीव. लाल लेक मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून किंवा मेक्सिकोहून येणाऱ्या कोचिनील किड्यांपासून करत. हिंगुळावर तो दिला की रंगाला आतून उजेड असल्यासारखी खोली येते, एकट्या हिंगुळाला ती येत नाही. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, आणि त्याला दिवस लागतात. घाई करून ओल्यावर हात दिला तर रंग चिखलतो. खालचा थर तेलकट आणि वरचा रुक्ष झाला तर वरचा आधी वाळतो आणि फाटतो.

एक दवबिंदू जवळून पाहा, म्हणजे या लोकांचे डोळे कळतील. नवशिका थेंबाला पांढरा गोल काढतो आणि तो मोत्यासारखा दिसतो. खरा थेंब उलटा असतो. उजेड डावीकडून वरून येत असेल तर थेंबाची डावी-वरची बाजू पानापेक्षा गडद, कारण तिथून उजेड आत शिरून पुढे निघून जातो. उजवी-खालची बाजू फिकट, कारण तो उजेड तिथे गोळा होतो. थेंबाच्या बाहेर, उजेडाच्या विरुद्ध अंगाला, पानावर बारीक सावली आणि तिच्या पोटात एक उजळ डाग. सगळ्यात शेवटी गडद बाजूवर घट्ट सफेत्याचा एकच टिंब. सगळे मिळून पाच-सहा फटकारे, आणि पांढरा रंग वापरला तो त्या टिंबापुरता. टिंब चुकून फिकट बाजूवर पडला की थेंब मेला.

आता निळ्या पानांकडे. ‘चित्रकाराने पानांना स्वप्नाळू निळी छटा दिली’ असे आपल्या लेखात आहे. दिली नाही, ती नंतर आली. त्या काळी सुंदर आणि टिकाऊ असा तयार हिरवा रंग फारसा नव्हता. जंगाल (तांब्यापासून केलेला हिरवा) होता, पण तो कालांतराने तपकिरी होई. म्हणून पान रंगवायचे ते निळा आणि पिवळा मिसळून, किंवा निळसर थरावर पिवळ्या लेकचा पारदर्शक हात देऊन. हा लेक म्हणजे वनस्पतीचा पिवळा रंग खडूवर किंवा तुरटीच्या साक्यावर बसवलेला, आणि तो उजेडाने उडतो. आपल्या हळदीच्या रंगाचे कापड उन्हात वाळत घातले तर काय होते ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. इथे तेच तीनशे वर्षे सावकाश घडले. पिवळा गेला, निळा उरला. फान हॉइसमच्या चित्रांत हे ठळक दिसते, कारण त्याची पार्श्वभूमीही फिकट आहे आणि निळेपण लपायला जागा नाही.

प्रत्येक निळा टिकला असेही नाही. सर्वांत महाग अल्ट्रामरीन अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्दाचा. तो टिकला. स्वस्तातला स्माल्ट म्हणजे कोबाल्ट घातलेली निळी काच कुटून केलेली पूड. तिच्यातले पोटॅशियम तेलात झिरपून गेले की काचेचा रंगच बदलतो आणि आकाश राखाडी होते. तिसरी आपली नीळ. डच ईस्ट इंडिया कंपनी ती आग्र्याजवळच्या बयाण्याहून आणि अहमदाबादजवळच्या सरखेजहून नेत असे. तेलात ती कापडावरल्यासारखी पक्की राहत नाही, उजेडाने फिकी पडते. याच कंपनीची वखार १६३० च्या दशकात वेंगुर्ल्यात पडली. तिच्या भिंती अजून उभ्या आहेत.

पिवळ्या गुलाबाची गोष्ट आणखी मजेची आहे, आणि ती मराठी वाचकाला चटकन कळावी, कारण तिच्यातला मुख्य माल आपल्या वाक्प्रचारात आहे: हरताळ. पोथीत चूक झाली की लेखनिक त्या अक्षरावर पिवळा हरताळ फासून ते झाकत. ‘हरताळ फासणे’ ते हेच. युरोपात हाच आर्सेनिक आणि गंधकाचा पिवळाजर्द रंग गुलाबाच्या पाकळ्यांवर उजेडाच्या जागी लावत. अब्राहम मिग्नोन (१६४०–१६७९) हा डे हेम या चित्रकाराच्या हाताखाली तयार झालेला चित्रकार. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये असलेल्या त्याच्या एका चित्रातला पिवळा गुलाब आज सपाट, कागदाच्या कातरणासारखा दिसतो, आणि शेजारची फुले मात्र भरीव. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत क्ष-किरणांनी त्यातल्या आर्सेनिकचा नकाशा काढला, तेव्हा डोळ्यांना न दिसणारे पाकळ्यांचे सगळे फटकारे त्यात उमटले. हरताळ उजेडाने विघटला, सुटलेल्या आर्सेनिकचा शेजारच्या शिशाशी संयोग झाला आणि रंगहीन पदार्थ बनले. अक्षरे झाकणारा हरताळ इथे स्वतःच पुसला गेला.

एकूण चित्रे काळवंडलेली दिसतात त्याची कारणे निराळी. वरचे राळेचे वार्निश पिवळे पडते, ते जाणकाराला काढता येते. पण तेलातला सफेता वयानुसार अधिक पारदर्शक होत जातो आणि खालची जमीन (रंगवण्यापूर्वी दिलेला लेप) वर दिसू लागते, त्यावर उपाय नाही. शतकाच्या उत्तरार्धात कॅनव्हासवर तांबूस-तपकिरी जमीन घालण्याची चाल पडली. तिथे सावल्या हळूहळू त्या जमिनीत बुडाल्या. ‘गूढ काळोख’ वगैरे म्हणण्यापूर्वी जमीन कोणत्या रंगाची होती ते पाहिलेले बरे.

ट्यूलिपच्या कंदांच्या सट्ट्यामुळे पुष्पचित्रे जन्माला आली, हेही विधान टिकत नाही. सट्टा कोसळला फेब्रुवारी १६३७ मध्ये. अल्कमारचा प्रसिद्ध लिलाव, ज्यात अनाथांच्या नावे ठेवलेले कंद सुमारे ९०,००० गिल्डरना (गिल्डर हे डच नाणे) गेले, तो ५ फेब्रुवारीचा. बोसखार्ट त्याच्या सोळा वर्षे आधी वारला होता. हेगला एक पुष्पचित्र पोहोचवायला गेला असता तो तिथेच गेला. त्या एका चित्राची बोली १,००० गिल्डर होती, आणि कुशल कारागिराची वर्षाची कमाई तेव्हा साधारण ३०० गिल्डर. पुष्पचित्रांमागे सट्ट्याच्या आधीपासूनचे वनस्पतींचे वेड होते. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने लायडनला विद्यापीठाची बाग १५९० च्या दशकात लावली, तुर्कस्तानाकडून कंद आले, अमेरिकेहून रोपे आली. आपण दसऱ्याला ज्याची तोरणे लावतो तो झेंडू या चित्रांत मेक्सिकोचा नवलाईचा पाहुणा म्हणून डोकावतो. पुढे हे वेड आपल्या किनाऱ्यापर्यंत आले. कोचीनचा डच अधिकारी फान रेडे याने मलबारच्या वनस्पतींचा जो ग्रंथ १६७८ ते १६९३ मध्ये ॲम्स्टरडॅमला बारा खंडांत छापून घेतला, त्याच्या पहिल्या खंडात रंगा भट, विनायक पंडित आणि आप्पू भट या कोकणी वैद्यांनी एप्रिल १६७५ मध्ये दिलेली ग्वाही नागरी लिपीत आहे.

ट्यूलिपच्या ज्या ज्वाळांसारख्या पट्ट्यांना एवढा भाव आला, तो रोग होता. एक विषाणू, मावा किडीने पसरवलेला. भेंडीवर केवडा पडलेला ज्याने पाहिला आहे त्याला पाने-फुले विषाणूने कशी चितारली जातात हे वेगळे सांगायला नको. विषाणू कंदाला दरसाल अशक्त करी, बाजूचे कंद थोडे आणि लहान धरत, म्हणून पट्टेदार जाती कायम दुर्मीळ राहत. विषाणूचा उलगडा १९२८ साली झाला. सेम्पर ऑगस्टस ही सर्वांत महाग जात आज चित्रांतच उरली आहे.

प्रतीकांबद्दल थोडेच. कवटी, घड्याळ, विझलेली मेणबत्ती असेल तिथे अनित्यतेचा अर्थ आहेच, तो मानायला कुणाची हरकत नाही. पण प्रत्येक माशी म्हणजे मृत्यू आणि प्रत्येक फुलपाखरू म्हणजे आत्मा, असा कोष्टकी हिशेब लावू नये. बोरोमेओ स्वतः पाद्री होता आणि त्याने लिहून ठेवलेले कारण अगदी साधे आहे: हिवाळ्यात सगळे गोठलेले असताना रंगवलेली का होईनात, फुले पाहून बरे वाटते. आणि किडे ही तर या मंडळींची हौस होती. ओटो मार्सेउस फान श्रिक ओल्या रंगावर खऱ्या फुलपाखराचे पंख दाबून त्यांची पूड चिकटवी. राखेल रॉइस (१६६४–१७५०) शेवाळाची जमीन रंगवताना खरे शेवाळ रंगात बुडवून टेकवी. तिचे वडील शरीरशास्त्राचे आणि वनस्पतींचे अभ्यासक, घरात नमुन्यांच्या बरण्या. तिला दहा मुले झाली, आणि ऐंशी ओलांडल्यावरही ती चित्रावर वय घालून सही करत होती. आपल्या लेखात तिचे नावच नाही, हे खटकले.

लेखाचा दुसरा भाग दैनंदिन जीवनाच्या चित्रांवर होता. तिथे ‘त्या काळच्या घराचे छायाचित्रच’ असा शब्द पडला आहे. इथेही तीच चूक. या चित्रांतली काळी-पांढरी संगमरवरी फरशी सामान्य डच घरात जवळजवळ नव्हती, असायच्या त्या लाकडी फळ्या. फरशी रंगवायची ती खोली मागे जाताना दाखवणे सोपे जाते म्हणून. ते करण्याची युक्ती आपल्या सुताराला आजही ठाऊक आहे. चित्रात सगळ्या रेघा जिथे मिळायच्या त्या बिंदूवर टाचणी ठोकायची, तिला दोरा बांधायचा, दोऱ्याला खडू चोळायचा, ताणून सोडायचा. सुतार फळीवर सूत मारतो, तसेच. योहान्स व्हर्मीरच्या (१६३२–१६७५) डझनभराहून अधिक चित्रांत त्या टाचणीचे भोक सापडले आहे. त्याच्या बायकांच्या अंगावरचे पांढऱ्या फरचे पिवळे जाकीटही एकच. मृत्यूनंतर १६७६ मध्ये केलेल्या घरातल्या सामानाच्या यादीत ते नोंदले आहे. घरात एक जाकीट होते, तेच निरनिराळ्या बायकांना घातले.

दूध ओतणाऱ्या बाईचे त्याचे चित्र आपण अर्ध्या पानावर छापले. त्या साध्या भिंतीवर आधी सुरया टांगायची फळी होती, आणि खाली उजवीकडे टोपली होती. किरणांच्या तपासणीत दोन्ही दिसली. त्याने त्या पुसल्या आणि तिथे पाय शेकायची छोटी पेटी ठेवली. म्हणजे भिंतीचे रितेपण घरातून आले नाही, चित्रकाराने त्या वस्तू काढून ते केले. उलट ड्रेस्डेनच्या चित्रातल्या, खिडकीशी पत्र वाचणाऱ्या मुलीमागची रिकामी भिंत व्हर्मीरची नव्हतीच. तिथे मदनाचे मोठे चित्र होते, ते कुणीतरी नंतर झाकले. हे ठरले कशावरून? झाकणाऱ्या रंगाच्या खाली जुने वार्निश आणि त्यावर साचलेला मळ सापडला. मळ साचायला वर्षे लागतात, तोवर व्हर्मीर हयात नव्हता. २०२१ मध्ये मदन उघडा झाला आणि शांत, एकाकी वाटणारे चित्र सरळ प्रेमपत्राचे ठरले. त्या रित्या भिंतीवर किती पानांचे रसग्रहण लिहिले गेले असेल!

नावांवर विसंबण्यातही तोच धोका. टेर बोर्खच्या (१६१७–१६८१) चित्राला आपण ‘वडिलांचा उपदेश’ म्हटले आहे. हे नाव चित्रकाराचे नाही. जर्मन साहित्यिक गटेने आपल्या कादंबरीत त्या प्रसंगाचे तसे वर्णन केले आणि ते चिकटले. नीट पाहिले तर ‘वडील’ सैनिकी वेशातला तरुण आहे, मागे लाल पडद्यांचा पलंग आहे, आणि राइक्सम्युझियम आता त्याला लाघवी संभाषण एवढेच म्हणते. पाठमोऱ्या मुलीचा रुपेरी सॅटिनचा झगा मात्र कुणाच्याही कथेवाचून उभा आहे. सॅटिन आणि लोकर यांतला फरक तो रंगाने दाखवत नाही, कडांनी दाखवतो. लोकरीवर उजेडातून सावलीत जाताना मधल्या छटा पुष्कळ. सॅटिनवर त्या गाळायच्या, उजळ पट्टी एकदम तुटायला हवी, आणि सावलीच्या पोटातही शेजारच्या घडीची झळाळी परत आली पाहिजे.

याउलट, गोष्ट सांगण्यासाठीच काढलेली चित्रे असतात तिथे गोष्ट वाचायलाच हवी. थोरल्या पीटर ब्रूगेलचे (वर आलेल्या यानच्या वडिलांचे) १५५९ चे म्हणींचे चित्र बर्लिनमध्ये आहे. एका गावात शंभरावर म्हणी प्रत्यक्ष घडत आहेत. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणारा तिथे आहे, आपलीच म्हण. वासरू बुडाल्यावर विहीर बुजवणारा आहे. आपण तहान लागल्यावर विहीर खणतो, ते वासरू गेल्यावर बुजवतात. डुकरांपुढे फुले टाकणारा आहे, आपल्याकडे ते गाढव आणि गूळ. नवऱ्याच्या अंगावर निळा झगा चढवणारी बाई मध्यभागी आहे, म्हणजे त्याला फसवणारी. आणि यान स्टेनच्या (१६२६–१६७९) घरांत भांडी लवंडलेली, पोरे दारू चाखताहेत, कुत्रा ताटात. डच भाषेत पसाऱ्याच्या घराला अजून ‘यान स्टेनचे घर’ म्हणतात. तो हा पसारा मोजूनमापून मांडी: लवंडलेल्या भांड्याचा कान, पडलेल्या पत्त्याची कड, वाकड्या पाइपची नळी, सगळ्या रेषा नजरेला एकाच चेहऱ्याकडे नेतात.

शेवटी छपाईबद्दल. लेखासोबतच्या पाचही चित्रांखाली माप नव्हते. व्हर्मीरची दूधवाली जेमतेम ४५.५ × ४१ सेंटीमीटर आहे, आणि ब्रूगेलच्या म्हणी ११७ × १६३. आपल्या पानावर दोन्ही एकाच आकाराची, म्हणून वाचकाला दोन्ही भिंतीवरची भव्य चित्रे वाटतात. बोसखार्टची खिडकीतली फुलदाणी चारही बाजूंनी कापली होती. तिच्या डाव्या-उजव्या कडेची खिडकीची चौकट गेली, मागचा देखावा लोंबकळला आणि चित्राचा सगळा डावच मोडला. ज्या चित्रांची पार्श्वभूमी गडद, तिथे ती काळ्या डबक्यासारखी आली. वृत्तपत्राच्या कागदावर चारही शायांची बेरीज २४० टक्क्यांच्या वर गेली की शाई पसरते, पलीकडे उमटते आणि गडद भागातले पान-देठ बुडतात. फाइल छपाईला पाठवण्यापूर्वी ती बेरीज उतरवावी आणि सावल्या थोड्या उचलाव्यात. मात्र रंग भडक करू नयेत, नाहीतर निळी पाने आणखी निळी होतील. जुन्या कॅलेंडरवरून स्कॅन करण्याची गरज नाही, राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावरून जुन्या चित्रांच्या मोठ्या फाइली विनामूल्य उतरवता येतात आणि छापताही येतात.

आणि प्रत्येक चित्राखाली एक ओळ द्यावी, इतकी:

यान फान हॉइसम, मातीच्या फुलदाणीतील फुले, १७३६–३७, कॅनव्हासवर तैलरंग, १३३.५ × ९१.५ सेंमी, नॅशनल गॅलरी, लंडन.

बटाट्याची दुरुस्ती मात्र येत्या रविवारीच, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या चौकटीत यावी ही विनंती. पावसाळा तोंडावर आहे.

आपला,
तैलचित्रांच्या जतनाचे काम करणारा एक वाचक, मुंबई